हायरम गेंट्रीची ऐरण फुटली नव्हती

दिनांक २ मे १९३६, शनिवार. हिकरी फोर्ड गावाच्या पंचाहत्तरीनिमित्त उत्सव समितीने प्रसिद्ध केलेल्या स्मरणपुस्तिकेच्या एकतिसाव्या पानावर पुढील मजकूर छापलेला आहे : ‘१९११ सालच्या चार जुलैच्या समारंभात लोहार हायरम गेंट्री यांची जुनी ऐरण दारूच्या स्फोटात फुटली व श्री. कोलंबस टॅकेट जखमी झाले.’ या वाक्यातील तारीख बरोबर आहे. जखमी झालेल्या माणसाचे नाव बरोबर आहे. दारू उडाली हेही खरे आहे. ऐरणीविषयी जे म्हटले आहे ते खोटे आहे. समितीने हे वाक्य रचलेले नाही. गावच्या साप्ताहिकाच्या ६ जुलै १९११ च्या अंकातून ते जसेच्या तसे उचललेले आहे. एका खोट्या वाक्याला पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत आणि गावाने स्वखर्चाने त्याचा रौप्यमहोत्सव साजरा केला, एवढाच याचा अर्थ.

हायरम गेंट्री सात वर्षांपूर्वी वारला, तेव्हा खुलासा मागायला तो येणार नाही. जिवंत असताना तो आला होता. त्याचे काय झाले ते पुढे येईलच.

टेनेसीच्या डोंगरांतून त्याचा बाप बैलगाडीने मिसुरीत आला तेव्हा हायरम सहा वर्षांचा होता. वाटेत एका नदीच्या उताराशी बैल दमले आणि गाडीतील ओझे कमी करण्याची पाळी आली. बापाने पलंग टाकला, आईचे कपाट टाकले, आणि ऐरण ठेवली. आईने पुढे जन्मभर जमिनीवर अंथरूण घालताना त्या कपाटाची आठवण काढली. ऐरणीवर मात्र घर चालले. ती ऐरण इंग्लंडात घडवलेली होती. अंग घडीव लोखंडाचे, माथ्यावर पोलादाची जाड पाटी तापवून सांधलेली, आणि कुशीवर छिन्नीने कोरलेले तीन आकडे : १, २, १४. इंग्रजी वजनाच्या रीतीने ते एकशे ब्याऐंशी पौंड होतात. हे आकडे वाचकांनी ध्यानात ठेवावेत.

बापामागून हायरमने भट्टी चालवली ती पंचेचाळीस वर्षे. लोहाराचे पहिले काम म्हणजे स्वतःची हत्यारे स्वतः करणे, हे तो बापाकडून शिकला होता. त्याच्या भिंतीवर तेवीस सांडश्या टांगलेल्या असत आणि प्रत्येकीचा जबडा एकेका कामापुरता घडवलेला असे : एक नालासाठी, एक फाळासाठी, एक गोल सळीसाठी. भाता बैलाच्या कातड्याचा होता आणि दर दोन वर्षांनी त्याला तेल पाजावे लागे. कामाच्या ओट्याला जोडलेल्या, वस्तू आवळून धरणाऱ्या व्हाइसचा एक लोखंडी पाय थेट जमिनीत रोवलेला होता, म्हणजे घणाचा घाव जबड्यांवर न थांबता पायातून मातीत जिरत असे. असली हत्यारे दिसायला ओबडधोबड. प्रत्येकाला एकच काम येते, आणि तेवढे काम ते न मोडता करते.

त्याची एक रीत होती. कोणतेही काम पुरे झाले, मग तो कोयंडा असो की नांगराचा फाळ, की तो ती वस्तू तारेला अडकवून गिऱ्हाइकासमोर धरी आणि लहान हातोडीने एकदा टोला देई.

“ऐक,” तो म्हणे.

निर्दोष लोखंड लांबवर वाजते. आत चीर असेल तर आवाज बसका येतो. बसका आवाज आला तर तो ती वस्तू पुन्हा भट्टीत घाली, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो. बाप्टिस्ट पंथाचे एक धर्मोपदेशक एकदा म्हणाले होते, “हायरम, माझ्या प्रवचनालाही असं टांगून वाजवता आलं असतं तर बरं झालं असतं.” त्यावर हायरम म्हणाला, “नको महाराज. तुमचे रविवार वाया जातील.”

१९०३-०४ च्या सुमारास टपालाने येणाऱ्या जाडजूड माल-यादीतून, आणि लवकरच वेस्ली कॉब यांच्या लोखंडी सामानाच्या दुकानातून, गावात एक नवी वस्तू शिरली. एकाच ओतीव ठोकळ्यात पुढे ऐरणीचे शिंग, मागे व्हाइसचे जबडे, बाजूला छिद्रे पाडायचा दांडा आणि वर छिन्नी बसवायची खाच. निळा रंग, त्यावर सोनेरी रेघा. कॉब तिला ‘शेतकऱ्याची घरची लोहारशाळा’ म्हणत. हायरमने ती पहिल्यांदा पाहिली, चहूबाजूंनी लटकलेल्या अवयवांकडे निरखून पाहिले आणि म्हणाला, “बाई लेकुरवाळी दिसते.” तेच नाव गावात रूढ झाले. कॉब यांना ते आवडले नाही. विक्रीवर मात्र काही परिणाम झाला नाही. दोन वर्षांत खोऱ्यातल्या निम्म्या गोठ्यांत लेकुरवाळी बसली.

मग त्या मोडून येऊ लागल्या. एझरा हॉली नावाचा शेतकरी पहिला आला. हातात तुटलेले शिंग.

“हायरम, एवढं जोडून दे.”

हायरमने तुकड्याची मोडलेली बाजू उन्हात धरली. राखाडी, दाणेदार, ओल्या साखरेसारखी.

“काय करत होतास?”

“काही नाही रे. साखळीची कडी जरा वाकवत होतो.”

“तापवून?”

“मग काय फुंकर मारून?”

“एझरा, हे बीड आहे. ओतलेलं. हे ठोकून सांधत नाही. भट्टीत घातलं की आधी हट्ट करतं आणि मग एकदम ढासळतं. तुझ्या मेव्हण्यासारखं.”

“मेव्हण्याला मधे आणू नकोस. कॉब म्हणाला, ऐरण ती ऐरण.”

“कॉबला ती विकायची असते. त्याला तिच्यावर ठोकायचं नसतं.”

असे असले तरी हायरमने त्या वस्तूला सरसकट नावे ठेवली नाहीत, हे नोंदवणे आवश्यक आहे, कारण पुढे त्याच्यावर मत्सराचा आरोप झाला. दहा मैलांवरच्या शेतकऱ्याला एका खिळ्यासाठी गाडी जुंपून यायला लावणे बरे नव्हे, हे तो जाणत होता. त्याने एझराला उरलेला ठोकळा फेकू दिला नाही. “थंड कामाला सोन्यासारखी आहे,” तो म्हणाला. “खोगिराचे रिवेट बसव, करवत धरून धार लाव, खुराड्याची तार वाकव. फक्त तापलेलं लोखंड आणि घण तिच्यापासून दूर ठेव.” कोणत्या वस्तूकडून काय मागावे, एवढाच त्याचा प्रश्न होता. तुटलेली शिंगे मात्र त्याने खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडून ठेवली. १९११ पर्यंत अकरा झाली होती. कॉब एकदा दुकानावरून जाताना थांबून म्हणाले, “काय हायरम, दुसऱ्याच्या लेकरांचे दात जमवतोस होय?”

“पडतात ते उचलतो,” हायरम म्हणाला.

आता चार जुलैविषयी. स्वातंत्र्यदिनाची सलामी द्यायला या गावाकडे तोफ कधीच नव्हती. आपली तोफ म्हणजे दोन ऐरणी. एक ऐरण उलटी ठेवायची. ऐरणीच्या तळाला एक लहानसा खळगा असतो. त्यात काळी दारू भरून सपाट करायची, काठापर्यंत दारूची एक रेघ ओढायची, वर दुसरी ऐरण सुलटी ठेवायची आणि लांब गजाच्या तापलेल्या टोकाने रेघ पेटवायची. वरची ऐरण झाडाच्या उंचीइतकी उडे आणि दणका तीन मैलांवर ऐकू जाई. खालची ऐरण दर वर्षी हायरमची; वरची टर्की क्रीकच्या आसा क्रम्प या म्हाताऱ्या लोहाराची. छापील कार्यक्रमपत्रिकेत दर वर्षी एकच ओळ असे : ‘लोहार गेंट्री यांच्या ऐरणीची सलामी’. दारूचे माप कोणी कधी तोलले नाही. ‘खळगा भरून सपाट’ हेच माप.

१९११ च्या फेब्रुवारीत आसा क्रम्प वारला आणि त्याच्या मुलांनी ऐरण भंगारात घातली. १ जुलैला, शनिवारी, समारंभाची समिती कॉब यांच्या दुकानात बसली तेव्हा दुसरी ऐरण आणायची कुठून हा प्रश्न निघाला.

“ब्लॅक ओकचा लोहार देईल,” हायरम म्हणाला. “अठरा मैल आहे. उद्या सकाळी गाडी जुंपतो, परवा परत.”

“अठरा मैल जाऊन लोखंड आणायचं?” कॉब म्हणाले. “माझ्या दुकानात सात ऐरणी पडल्यात.”

“त्या ऐरणी नाहीत, वेस्ली.”

“मग काय पावाच्या लाद्या आहेत?”

मंडळी हसली. हायरम हसला नाही. “बिडात दारू ठासू नका. घडीव लोखंड ताण सोसतं. बीड सोसत नाही. ते वाकणार नाही, फुटेल.”

“उघड सांग ना, तुझ्या पोटात दुखतंय म्हणून.”

“दुखतंय. तरी ते फुटेल.”

कॉब यांनी मग तडजोड सुचवली : खाली हायरमची ऐरण, वर दुकानातली एक लेकुरवाळी. येताना हायरमने दुकानाच्या खिडकीत लावलेला ताजा छापील कागद वाचला होता : ‘चार जुलैला पाहा! शेतकऱ्याची घरची लोहारशाळा आकाशात!’ त्याने मान हलवली, “नाही,” म्हणाला आणि उठून गेला. या नकाराचा हिशेब तो पुढे स्वतःशी अठरा वर्षे मांडत राहिला, म्हणून तो येथे जसा घडला तसाच दिला आहे.

मंगळवारी, चार तारखेला, सकाळी दहाच्या सुमारास ओढ्याकाठच्या मैदानावर झेंडा चढला आणि दोन निळ्या लेकुरवाळ्या गवतावर मांडल्या गेल्या. सलामीचा मान कोलंबस टॅकेटचा. तो हायरमच्या बायकोचा धाकटा भाऊ; सारे त्याला लम म्हणत. बरीच वर्षे ऐरण तोच पेटवत आला होता आणि दारूची रीत त्याला पाठ होती.

हायरम आला होता. गाडी त्याने दूर, उतारावर उभी केली आणि तो गर्दीत शिरून माणसांना मागे सारू लागला.

“मागे व्हा. त्या गाड्यांच्या पलीकडे.”

“हायरमकाका, गेल्या वर्षी आम्ही इथंच उभ्या होतो की!” एक बाई म्हणाली.

“गेल्या वर्षी ऐरण होती, पोरी.”

मग त्याचे लक्ष लमकडे गेले आणि तो धावला. लेकुरवाळीचा तळ भरीव नसतो. बीड वाचावे म्हणून कारखान्यात ती आतून पोकळ ओतलेली असते. उलटी ठेवल्यावर तिच्या तळात घमेल्याएवढी पोकळी उघडी पडली होती, आणि लम त्या पोकळीत रीतीप्रमाणे दारू भरत होता. बुडाची बोल्टची भोके त्याने शिसे ठोकून नीट बंद केली होती. कामात तो चोख होता.

“लम, थांब! एक मूठ पुरे.”

“दाजी, रीत मोडायची नाही. खळगा भरून सपाट.”

“अरे, माझ्या ऐरणीचा खळगा मुठीएवढा. तिथं ते माप चालतं. हा खळगा नाही, हंडा आहे.”

“मग दणकाही हंड्याएवढा होईल!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कॉब खुर्चीवरून ओरडले, “हायरम, लेकुरवाळीला नजर लावू नकोस!” आणखी टाळ्या.

दोनशेहून अधिक माणसांसमोर मेव्हण्याच्या हातून दारूचा डबा हिसकावणे हायरमला जमले नाही. तो गाडीकडे गेला आणि तिच्यातून चौदा फुटी गज काढून आणला.

“हा घे. तुझा सहा फुटी आहे.”

“एवढा गज धरून मी कपडे वाळत घालणारी म्हातारी दिसेन, दाजी.”

“दिस. पण घे.”

लमने तो घेतला. टोक शेकोटीत लाल झाले, लमने रेघेला लावले. वरची लेकुरवाळी आकाशात गेलीच नाही. ती आडवी सुटून लिंबाच्या सरबताच्या पिंपात जाऊन पडली. खालचीचे तुकडे चहूकडे उडाले. गाड्यांच्या फळ्यांत तीन रुतले. एक लमच्या डाव्या गुडघ्यात शिरला. डॉक्टरांनी नंतर सांगितले की गज सहा फुटी असता तर त्यांना बोलावण्याची गरज पडली नसती. लमला एका काढून आणलेल्या दारावर घालून गावात नेत होते तेव्हा मागे राहिलेली मंडळी गवतातून तुकडे वेचत होती, आठवण म्हणून.

साप्ताहिकाचे संपादक टाल्बट त्या दिवशी गावात नव्हते. रात्री परतल्यावर कोणी तरी त्यांना “ऐरण फुटली” असे सांगितले. त्यांच्यासमोर छापील कार्यक्रमपत्रिका होती, तिच्यात दर वर्षीची ओळ होती, आणि लमच्या हातात हायरमचा गज होता हे सर्वांनी पाहिले होते. यापेक्षा अधिक चौकशी टाल्बट यांना आवश्यक वाटली नाही. लमला वाचवणारा गज हायरमच्या विरुद्धचा पुरावा ठरला.

शुक्रवारी सकाळी हायरमने आपली ऐरण खालच्या लाकडी बुंध्यासकट गाडीवर चढवली आणि साप्ताहिकाच्या दारात नेऊन उभी केली.

“मिस्टर टाल्बट, जरा बाहेर या. फुटलेली ऐरण दाखवतो.”

टाल्बट बाहेर आले. रस्त्यावरची माणसे जमली. हायरमने हातोडा उचलून एक टोला दिला. त्या टोल्याने चर्चच्या छपरावरची कबुतरे उठली.

“ऐका. फुटलेलं लोखंड असं बोलतं का?”

“मिस्टर गेंट्री, मग ती तुमची दुसरी ऐरण असेल.”

“मला दुसरी बायको नाही आणि दुसरी ऐरणही नाही.”

लोक हसले. टाल्बट यांनाही हसू आले. “अंक तर निघून गेला,” ते म्हणाले. “पुढच्या अंकात बघू.” पुढच्या अंकात अर्ध्या पानावर कॉब यांच्या दुकानाची जाहिरात आली. दुरुस्ती आली नाही, ना त्या अंकात, ना नंतर कधी. मैदानावरच्या दोनशे माणसांपैकी एकानेही साप्ताहिकाला पत्र लिहिले नाही. कित्येकांच्या गोठ्यात लेकुरवाळी होती. बाकीच्यांनी त्या सकाळी टाळ्या वाजवल्या होत्या. खोटे वाक्य सगळ्यांच्याच सोयीचे होते.

त्या दिवशी दुपारी हायरमच्या बायकोने, ओर्लेनाने, त्याच्यापुढे मक्याची भाकरी, घेवडा आणि ताक ठेवले. तिचा भाऊ शेजारच्या खोलीत कण्हत होता. हे संभाषण तिनेच सांगितलेले आहे.

“मिस्टर गेंट्री, जेवून घ्या.”

“ओर्लेना, मी माझी ऐरण खाली ठेवली असती, तर दारू मूठभरच मावली असती. लमचा पाय धड राहिला असता.”

“आणि तुमच्या ऐरणीला काही झालं असतं?”

“काही नाही.”

“मग का नाही दिलीत?”

“वेस्लीच्या खिडकीतला कागद वाचला म्हणून.”

ओर्लेनाने त्याच्या भांड्यात ताक ओतले. “मग तेवढं तुमचं,” ती म्हणाली. “बाकीचं तुमचं नाही. बाकीचं तुम्ही उचलायचं नाही.”

परंतु बाकीचे त्यालाच उचलावे लागले. खोऱ्यात बोलण्याची एक लकब पडली : काहीही मोडले, खुर्चीचा पाय असो की लग्न, की माणसे म्हणत, “गेंट्रीचं लोखंड!” बहुतेकांच्या मनात द्वेष नव्हता, जिभेला सोपे होते म्हणून म्हणत. तरीही विहिरीचा आकडा करून घ्यायचा असे, ज्याच्यावर भरलेली बादली आणि खाली उतरलेला माणूस लटकतो, तेव्हा लोक ब्लॅक ओकला जाऊ लागले. इतके दिवस ज्यांना अठरा मैल फार वाटत होते त्यांनाच ते आता जवळ वाटू लागले. १९१२ च्या वसंतात एका शेतकऱ्याचा फाळ शेवटून, म्हणजे तापवून ठोकून धारेला आणून, झाल्यावर हायरमने तो तारेला अडकवला आणि टोला दिला. “ऐक,” तो म्हणाला.

“ऐकलं, हायरमकाका,” शेतकरी म्हणाला. “चार जुलैलाही ऐकलं होतं.”

त्यानंतर हायरमने गिऱ्हाइकासमोर काम वाजवणे सोडले. गिऱ्हाईक येण्याआधी, दार लावून, तो प्रत्येक वस्तू एकट्याने वाजवून पाही. बसका आवाज आला तर पुन्हा भट्टीत घाली, आणि तो का उशीर करतो हे कोणाला कळत नसे. लोहार म्हातारा झाला, हात चालत नाही, असे लोक म्हणू लागले.

लमचा पाय ताठ राहिला. कॉब यांनी त्याला दुकानात उंच बाकावर बसवून विक्रीचे काम दिले आणि तो एकवीस वर्षे लेकुरवाळ्या विकत राहिला. तो वाईट माणूस नव्हता. भोके शिशाने आपण बंद केली, माप आपण भरले, हे त्याला बोलवत नव्हते. आणि ते न बोलता ऐरण कोणाची होती हेही बोलता येत नव्हते. एकदा, १९१९ च्या हिवाळ्यात, तो भट्टीवर आला. काठीच्या टोकाला लोखंडी टोपी बसवायची होती. हायरमने ती घडवली, बसवली आणि काठी पुढे केली.

“दाजी,” लम म्हणाला, “एकदा वाजवून दाखवा ना.”

हायरमने त्याच्याकडे पाहिले. मग टोपी काढली, तारेला लावली, हातोडीने टोला दिला. दोघांनी आवाज विरेपर्यंत ऐकले. लमने टोपी काठीवर बसवून घेतली आणि तो गेला. एवढेच त्याला करता आले. १९३२ साली तो वारला. तेव्हाही त्याने काही सांगितले नाही.

हायरम १९२३ पर्यंत भट्टी पेटवत राहिला. पुढे कुलपे आणि बिजागऱ्या दुरुस्त करत असे. मार्च १९२९ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, तो वारला. हत्यारे विकली गेली : सांडश्या एका हाती, भाता दुसऱ्या हाती, पायाचा व्हाइस तिसऱ्या हाती. ऐरण ओर्लेनाने विकली नाही. आज ती तिच्या ओसरीवर एल्म झाडाच्या बुंध्यावर उभी आहे; कुशीवर १, २, १४ हे आकडे आहेत, अंगावर एक चीर नाही. ओसरीवर जाणाऱ्या कोणालाही ओर्लेना हातोडी देते. वय वर्षे चौऱ्याहत्तर.

पुस्तिका निघाल्यावर तिने समितीला स्वच्छ अक्षरात पत्र लिहिले. उत्तर अध्यक्षांच्या सहीने आले. अध्यक्ष वेस्ली कॉब आहेत. ‘इतक्या जुन्या गोष्टीवरून उत्सवाच्या आनंदात विरजण पडू नये’ अशी त्यांची इच्छा आहे. त्याच पत्रात त्यांनी कळवले आहे की येत्या चार जुलैला नगरभवनात काचेच्या पेटीत ‘गेंट्री यांच्या ऐरणीचा तुकडा’ सन्मानाने ठेवण्यात येईल.

तेव्हा आता मागणी वाचकांकडेच आहे. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी त्या दिवशी वेचलेला तुकडा आहे. कोणी तो दाराला अडसर म्हणून ठेवला आहे, कोणी लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून. तो उचला आणि धार लावायच्या चाकाला टेकवा. घडीव लोखंड असेल तर ठिणग्या लांब आणि पिवळ्या पडतील, पोलाद असेल तर पांढऱ्या पडून फुलासारख्या फुटतील. आखूड, लालसर, निस्तेज ठिणग्या पडल्या तर ते बीड आहे, आणि बीड हायरम गेंट्रीच्या ऐरणीत तोळाभरही नव्हते. ज्याच्या तुकड्यावर साच्यातून आलेल्या उठावाच्या अक्षरांचा भाग आहे त्याने चाकाचीही तसदी घेऊ नये. घडीव ऐरणीवर अक्षरे कोरलेली असतात, उठावाची नसतात. खरे काय ते त्याला पंचवीस वर्षे ठाऊक आहे.

तुकडा घेऊन २७ जून, शनिवारी, सकाळी दहा वाजता नगरभवनात या आणि समितीसमोर तो चाकाला लावा. पुस्तिकेच्या एकतिसाव्या पानावरचे ते वाक्य खोडून ‘श्री. कॉब यांच्या दुकानातील बिडाची जोड-ऐरण फुटली’ असे छापायला लावा, आणि काचेच्या पेटीवरून हायरम गेंट्रीचे नाव काढायला लावा. चार जुलैच्या आत.